हे कार्ड खरं आहे का? रविवारच्या बैठकीत पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका ओसरीवर दर रविवारी, पोहे-जिलेबी आटोपली की, आठ-दहा मुलं आणि जवळपास तितकेच पालक कार्डांच्या वह्या घेऊन जमतात. जमवायच्या आणि खेळायच्या कार्डांमध्ये पोकेमॉनवाले सगळ्यात जास्त, मग यू-गि-ओ, थोडे मॅजिकवाले, आणि अधूनमधून एखादे आजोबा क्रिकेटची जुनी कार्डं घेऊन येतात. अदलाबदल कमी होते, "काका, हे ओरिजनल आहे ना?" हेच जास्त. मी दुकानदार नाही. वडिलांचा ऑफसेटचा छापखाना होता. क्लॉथ मार्केटची बिलबुकं आणि लग्नपत्रिका छापताना बघत मी मोठा झालो, त्यामुळे कार्ड हातात आलं की माझी नजर चित्राआधी छपाईवर जाते. तीच ती उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून ती इथे लिहून ठेवतोय.

मला यातलं काहीच कळत नाही. एकच युक्ती सांगा.

शंकेचं कार्ड एकटं तपासू नका. शेजारी एक खात्रीचं कार्ड ठेवा आणि दोन्ही पालथी घाला.

साडीला मॅचिंग ब्लाउजपीस घ्यायला जाताना आपण साडी सोबत नेतो, रंग लक्षात ठेवून जात नाही. इथेही तेच. एकटं पाहिलं तर नकली कार्डाची निळी पाठ अगदी बरोबर वाटते. खऱ्याच्या शेजारी ठेवली की ती जांभळट दिसते, किंवा धुऊन विटल्यासारखी फिकट. पुढच्या बाजूला चित्र असतं आणि चित्रात डोळा अडकतो. पाठ मात्र सगळ्या कार्डांची सारखीच असायला हवी, त्यामुळे तिथे फरक लपत नाही. आमच्याकडे येणारी बहुतेक नकली कार्डं पाठीवरच पकडली जातात, भिंग काढायची वेळच येत नाही.

फक्त जोड नीट लावा: तोच खेळ, तीच भाषा, साधारण तोच काळ. मागे एका वडिलांनी मुलाची अख्खी वही नकली ठरवून टाकली होती, कारण त्यांच्या लहानपणी पोकेमॉनच्या कार्डाची कड पिवळी असायची आणि मुलाच्या कार्डांची करडी होती. इंग्रजी कार्डांची कड २०२३ साली स्कार्लेट अँड व्हायोलेट मालिकेपासून करडी झाली आहे. वही खरीच होती. पोरगा तोवर रडून मोकळा झाला होता.

पण खात्रीचं कार्ड आणायचं कुठून? तेच तर ओळखता येत नाही.

बरोबर प्रश्न. अधिकृत वितरकाचा माल ठेवणाऱ्या दुकानातून एक सीलबंद पॅक घ्या आणि त्यातली सगळ्यात साधी, बिनचमकीची दोन कार्डं बाजूला काढा. ती कधीही कुणाला देऊ नका. माझ्या पाकिटात असं एक साधं कार्ड कायम असतं, कोपरे झिजलेलं. कुणी फुकट घेणार नाही, पण माझ्याकडचं सगळ्यात कामाचं कार्ड तेच आहे.

जुन्या कार्डांसाठी जोडही जुनीच लागते. १९९९-२००० सालची साधी कार्डं अजून फार महाग नाहीत. ओळखीच्या संग्राहकाकडून एक घेऊन ठेवा.

माप किती असतं?

पोकेमॉन आणि मॅजिक: ६३ बाय ८८ मिलिमीटर. यू-गि-ओ: ५९ बाय ८६. म्हणजे यू-गि-ओचं कार्ड मुळातच लहान आहे. ते पोकेमॉनशेजारी ठेवून "हे लहान आहे, म्हणजे डुप्लिकेट" म्हणू नका. दर दोन-तीन महिन्यांनी एखादी आई हे म्हणतेच.

कोपऱ्यांची गोलाई मात्र बघा. खरी कार्डं साच्यात कापलेली असतात, चारही कोपरे सारखे. नकलीत एक कोपरा जास्त गोल, दुसरा जवळजवळ टोकदार, आणि कडेवरून नख फिरवलं तर कागदाचा भुसा लागतो. आमच्या छापखान्यात सुरी बोथट झाली की पत्रिकांना अशीच कड यायची आणि वडील कटिंगवाल्यावर ओरडायचे.

भिंगातून नक्की काय बघायचं?

इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण सगळी गंमत इथेच आहे.

सराफ्यातून सोनारांचं दहापटीचं भिंग घ्या. रात्री जिथे आपण भुट्ट्याचा कीस खायला जातो, तिथेच दिवसा ही भिंगं मिळतात. तीसपटीचं मिळालं तर उत्तमच. आता कार्डावरच्या रंगीत भागावर ते धरा. रंग सलग दिसणार नाही, ठिपके दिसतील. ऑफसेटमध्ये निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा असे चारच रंग असतात. प्रत्येक रंगाचे ठिपके वेगळ्या कोनात छापतात, आणि ते एकमेकांत मिसळून बारीक फुलांची नक्षी तयार होते. खऱ्या कार्डावर ही नक्षी शिस्तीत असते, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेल्या कार्डावर शिस्त नसते, शाई शिंतोड्यांसारखी पसरलेली दिसते.

पण चांगल्या नकलाही ऑफसेटवरच छापतात. त्यांच्यातही फुलं दिसतात. मग काय करायचं?

मग काळी अक्षरं बघा. खऱ्या कार्डाचा मजकूर काळ्या शाईच्या वेगळ्या प्लेटवर असतो. म्हणून भिंगाखाली अक्षराची कड धारदार दिसते, आतला काळा रंग भरीव असतो. नकल करणाऱ्याकडे मूळ फाइल नसते. तो खरं कार्ड स्कॅन करतो. स्कॅनमध्ये चित्र आणि अक्षरं एकाच गोळ्यात येतात, आणि पुन्हा छापताना त्या अक्षरांचेही चार रंगांचे ठिपके होतात. भिंगातून बघितलं की काळ्या अक्षराच्या कडेला निळी-गुलाबी झालर दिसते. शिवाय आधीच्या छपाईचे ठिपके स्कॅनमध्ये आलेले असतात आणि त्यांवर नवे ठिपके बसतात, त्यामुळे सपाट रंगाच्या जागी लाटांसारखे पट्टे उमटतात. जुन्या पत्रिकेवरून नवी पत्रिका "अशीच्या अशी" छापून मागणारं गिऱ्हाईक आलं की वडील हेच समजावून सांगायचे: छापलेल्यावरून छापलं की दर वेळी थोडं मरतं.

सगळ्यात बारीक अक्षरं कार्डाच्या तळाशी असतात, कॉपीराइटच्या ओळीत. भिंग सगळ्यात आधी तिथे न्या. नकलीत ती ओळ बहुधा चिखल झालेली असते.

टॉर्चवाली परीक्षा खरी आहे का?

अर्धी. खऱ्या कार्डाच्या दोन थरांमध्ये एक गडद थर असतो, त्यामुळे मागून मोबाइलचा टॉर्च लावला तर उजेड फार कमी आरपार येतो. साध्या आर्ट कार्डवर छापलेली स्वस्त नकल कंदिलाच्या कागदासारखी उजळते. इथवर ठीक.

पण चमकीच्या कार्डात फॉइलचा थर असतो, तोच उजेड अडवतो, म्हणून नकली होलो, म्हणजे चमकीचं, कार्डही या परीक्षेत पास होऊ शकतं. वेगवेगळ्या वर्षांच्या, वेगवेगळ्या छापखान्यांच्या खऱ्या कार्डांतही उजेड थोडा कमी-जास्त येतो. आणि आता काळ्या थराचा कागद वापरणारे नकलीवालेही आहेत. टॉर्चमध्ये नापास झालं तर संशय घ्या. पास झालं म्हणून पैसे मोजू नका.

कार्ड फाडून बघितलं तर?

तर तुमच्याकडे फाटलेलं कार्ड राहील.

आतला थर बघायचाच असेल तर कड भिंगाखाली आडवी धरा. पांढऱ्या कागदाच्या दोन थरांमध्ये पेन्सिलीच्या रेघेसारखी गडद रेघ दिसली पाहिजे. मॅजिकच्या कार्डात हा मधला थर निळसर असतो. शिकण्यासाठी फाडायचंच असेल तर मुलाचं दहा रुपयांच्या पुडीतलं नकली कार्ड फाडा, त्याची परवानगी घेऊन. आत नुसता पांढरा लगदा निघतो. पोरांना हा प्रयोग फार आवडतो. वाकवून बघणे, पाण्यात बुडवणे वगैरे व्हिडिओत दाखवतात तसलं काही करू नका.

वजनावरून कळतं म्हणतात.

पोकेमॉनचं कार्ड पावणेदोन ग्रॅमच्या आसपास भरतं, चमकीचं किंचित जास्त. स्वयंपाकघरातल्या काट्यावर हे कळणार नाही. सोनाराचा काटा लागतो. सराफ्यात एका ओळखीच्या सोनारकाकांनी एकदा हौसेने मोजून दिलं होतं. माझं पाकिटातलं कार्ड १.७४ भरलं, आणि एका मुलाचं "चारिझार्ड" (सगळ्यांना हवा असलेला पोकेमॉन) १.४९. काका म्हणाले, "अरे, एवढी घट तर आम्ही सोन्यातही धरत नाही!"

तरी वजनावर निकाल देऊ नका. जाड कागदाची नकल बरोबर वजनाची निघू शकते. चार साक्षीदारांतला हा एक समजा, तोही जरा मिंधा.

पॅकमधली सगळीच कार्डं चमकतात. आम्ही नशीबवान आहोत का?

नाही हो.

खऱ्या पॅकमध्ये बरीचशी कार्डं साधी असतात. आताच्या इंग्रजी पोकेमॉन पॅकमध्ये दहा खेळाची कार्डं असतात, त्यांत किमान तीन चमकीची. पूर्वी चमकीची याहून कमी असायची. शिवाय इंग्रजी पॅकमध्ये ऑनलाइन खेळाचा कोड असलेलं एक वेगळं कार्ड निघतं. जपानी पॅकमध्ये बहुधा पाचच कार्डं असतात आणि कोडचं कार्ड नसतं, तेव्हा तिथे ही खूण लावू नका.

चमक कुठे आहे हेही बघा. १९९९ च्या होलो कार्डात फक्त चित्राची चौकट चमकते. नकलीत बरेचदा अख्ख्या कार्डावर इंद्रधनुषी फिल्म चढवलेली असते, भेटवस्तूच्या कागदासारखी, आणि ती अक्षरांवरूनही जाते. आणि आताच्या महागड्या, पूर्ण चित्राच्या कार्डांवर बोट फिरवा. खऱ्यावर बारीक उठावाच्या रेघा लागतात, बोटाच्या ठशासारख्या, आणि त्या चित्राच्या वळणाने जातात. उजेडात कार्ड तिरपं केलं की त्या दिसतात. नकली एकतर गुळगुळीत असतं, नाहीतर त्यावर एकच ठरावीक खरखर असते, चित्र कोणतंही असो. हा उठाव करायला वेगळा साचा लागतो आणि तो खर्चिक असतो. स्वस्त नकल इथेच हात आखडते.

सोनेरी कार्डांचा डबा घेतला, पंचावन्न कार्डं. त्याची किंमत किती?

खेळण्याइतकी. राणीपुऱ्यापासून जत्रेतल्या हातगाडीपर्यंत सगळीकडे मिळणारी ती सोनेरी, काळी, चंदेरी प्लास्टिकची कार्डं पोकेमॉन कंपनीने कधीच काढलेली नाहीत. सोन्याचा मुलामा दिलेली खरी कार्डं निघाली होती, नाही असं नाही: १९९९ साली अमेरिकेत बर्गर किंगने सहा प्रकारची दिली होती, प्लास्टिकच्या पोकेबॉलमध्ये घालून. २०२१ साली पोकेमॉनच्या सेलिब्रेशन्स नावाच्या मोठ्या संचात धातूचे पिकाचू आणि चारिझार्डही होते. पण ती कार्डं पंचावन्नच्या डब्यात येत नाहीत.

स्पेलिंग आणि आकडे?

पाठीवर आणि पुढे पोकेमॉनच्या इंग्रजी नावातल्या 'ई'वर छोटी तिरकी रेघ असते. ती गायब असेल तर विषय संपला. एचपीच्या, म्हणजे पोकेमॉनच्या जीवशक्तीच्या, जागी आठ हजार वगैरे आकडा असेल तरी संपला. हल्ल्याचं नाव अर्धवट, ऊर्जेची चिन्हं लहान-मोठी, मजकुराचा टाइप भलताच जाड: हे सगळं साध्या डोळ्यांनी दिसतं.

कार्डाचा क्रमांक आणि संचाचं चिन्ह मोबाइलवर शोधून चित्र जुळवा. चित्र एका संचाचं आणि क्रमांक दुसऱ्याचा, ही नकलीवाल्यांची नेहमीची चूक आहे. मात्र पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसला तर घाबरू नका. संचाच्या मोजणीबाहेरची दुर्मीळ कार्डं मुद्दाम तशीच छापतात.

मामाच्या माळ्यावर १९९९ चा चारिझार्ड सापडला. आम्ही लखपती झालो का?

बसा. पाणी घ्या. आता एकेक बघू.

इंग्रजी बेस सेट, म्हणजे पोकेमॉनचा पहिला संच, अमेरिकेत जानेवारी १९९९ मध्ये आला, विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने काढलेला. त्यात १०२ कार्डं होती आणि चारिझार्डचा क्रमांक ४/१०२, एचपी १२०, चित्र मित्सुहिरो अरिता यांचं. तुमच्या कार्डावर ११/१०८ असेल तर ते २०१६ च्या इव्होल्यूशन्स संचातलं आहे. ते खरंच आहे, जुन्या धाटणीवर काढलेलं, पण १९९९ चं नाही. ४/१३० असेल तर २००० सालचा बेस सेट २. आणि क्रमांक ४/१०२ च असून चित्राच्या कोपऱ्यात पंचवीस वर्षांचं छोटं चिन्ह असेल, तर ते २०२१ च्या सेलिब्रेशन्समधलं पुनर्मुद्रण आहे. या तिन्हींना कुणी नकली म्हटलं तर भांडा. पण जुन्याची किंमत मागायला गेलात तर तुम्हीच हरणार.

क्रमांक बरोबर निघाला, तर चित्राच्या चौकटीची उजवी कड बघा. तिथे करडी सावली असेल तर ती नंतरची, भरपूर छापली गेलेली आवृत्ती. सावली नसेल तर ते सुरुवातीच्या छपाईतलं, आणि तळाच्या कॉपीराइटच्या ओळीत निन्टेन्डो कंपनीच्या नावाआधीच्या वर्षांमध्ये एक '९९' जास्त सापडेल. सावली नाही आणि चित्राखाली डावीकडे पहिल्या आवृत्तीचा गोल काळा शिक्काही आहे, तर त्यालाच लोक वेड्यासारखे पैसे देतात.

म्हणूनच शिक्का नंतर मारण्याचा धंदा चालतो. पण बेस सेटमध्ये पहिल्या आवृत्तीचा शिक्का आणि सावली एकत्र येत नाहीत. दोन्ही दिसलं तर शिक्का खोटा. याला अपवाद एकच, मॅचॅम्प, क्रमांक ८/१०२. तो दोन खेळाडूंसाठीच्या सुरुवातीच्या संचात मिळायचा आणि त्याच्यावर सरसकट पहिल्या आवृत्तीचा शिक्का असायचा, सावली असली तरी. म्हणून मॅचॅम्प शिक्क्यासकटही स्वस्तात मिळतो. ज्या मामाकडे चारिझार्ड सापडला त्याच मामाकडे बहुतेक वेळा मॅचॅम्पच असतो, हा आमचा बैठकीतला अनुभव.

यू-गि-ओ आणि मॅजिकचं काय?

यू-गि-ओच्या कार्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात छोटा चौकोनी चमकता शिक्का असतो, आत डोळ्याचं चिन्ह. नकलीत तिथे नुसता चंदेरी चौकोन किंवा छापलेला करडा ठिपका असतो. चित्राखाली संचाचा कोड आणि डाव्या तळाशी बहुधा आठ आकडी क्रमांक. तो क्रमांक शोधून कार्डाचं नाव जुळवा.

मॅजिक हा त्यातला सगळ्यात जुना खेळ, १९९३ चा. त्याच्या पाठीवर पाच रंगीत गोळे असतात. हिरव्या गोळ्यावर भिंग धरा. आत चार लाल ठिपके इंग्रजी 'एल'च्या आकारात बसलेले दिसले पाहिजेत. २०१४ च्या मॅजिक २०१५ संचापासून दुर्मीळ कार्डांवर तळाशी लंबगोल होलोग्रामही असतो. मॅजिकची नकल पोकेमॉनपेक्षा फार सफाईदार येते. त्यात माझा हात तितका बसलेला नाही, म्हणून महाग कार्ड असेल तर मी बैठकीतल्या मॅजिकवाल्या पोरांना पुढे करतो.

प्लास्टिकच्या कडक डबीत, दहापैकी दहा गुण दिलेलं कार्ड आहे. आता तरी शंका नको ना?

हवी. पीएसए, बेकेट, सीजीसी या कंपन्या कार्ड तपासून, गुण देऊन, डबीत बंद करतात. त्या डबीलाच पोरं स्लॅब म्हणतात. नकलीवाले आता स्लॅबचीच नकल करतात. लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका, पण नुसता क्रमांक सापडला म्हणून थांबू नका, कारण तो खऱ्या स्लॅबवरूनच उतरवलेला असतो. तिथे कार्डाचा फोटो असेल तर तो समोर ठेवून ओरखडे, छपाई किती सरकलीय, होलोतल्या ठिपक्यांच्या जागा जुळवा. डबीचे सांधे बघा, कुठे पांढरट झालेत का, गोंद दिसतो का.

आणि कंपन्याही माणसंच चालवतात. १९९६ सालचे पोकेमॉनचे चाचणी-नमुने म्हणून प्रमाणित झालेली काही कार्डं विकली गेली. २०२५ च्या सुरुवातीला संग्राहकांनी त्यांवरचे पिवळे ठिपके वाचले. बऱ्याच रंगीत लेझर प्रिंटरमधून प्रत्येक कागदावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके उमटतात, आणि त्यांत छपाईची तारीख सांकेतिक रूपात असते. या कार्डांवर तारीख निघाली २०२४ ची. ही बातमी वाचून मी दोन दिवस खुशीत होतो. शेवटी छपाईनेच चोर पकडून दिला.

कार्ड खरं, तरी फसवणूक, असं होतं का?

होतं. कड कापून. झिजलेली कड बारीकशी छाटली की कार्ड कोरं दिसतं. बेसबॉलच्या टी-२०६ या जुन्या कार्डमालिकेतलं होनस वॅगनर या खेळाडूचं एक प्रसिद्ध कार्ड आहे, पीएसएने गुण दिलेलं अगदी पहिलं. ते आपण छाटलं होतं, अशी कबुली बिल मास्ट्रो या व्यापाऱ्याने २०१३ साली दिली. म्हणून माप घेताना अर्धा मिलिमीटरही सोडू नका. काळ्या मार्करने कोपरे रंगवणं हा याचाच गरीब भाऊ. भिंगात शाई कागदाच्या धाग्यांत पसरलेली दिसते.

सीलबंद जुना पॅक किंवा पेटी घ्यावी का?

मी घेत नाही. विझर्ड्सच्या काळातल्या पॅकमध्ये होलो असलेला पॅक किंचित जड भरतो, म्हणून विकणारे आधी वजन करून जड पॅक फोडतात आणि हलके तुम्हाला देतात. काही जण पॅक उघडून, आतलं चांगलं कार्ड काढून पुन्हा चिकटवतात. वरच्या-खालच्या दातेरी पट्ट्या आणि मागचा जोड नीट बघा.

पेटीचं म्हणाल तर अमेरिकेतल्या लोगन पॉल या यूट्यूबवाल्याने ३५ लाख डॉलरला पहिल्या आवृत्तीच्या पोकेमॉनची पेटी घेतली होती, तीही जाणकारांनी खरी ठरवलेली. जानेवारी २०२२ मध्ये उघडली तर आत जी. आय. जो या भलत्याच मालिकेची कार्डं. मग आपण कोण लागून गेलो?

ऑनलाइन घेताना काय बघायचं? तुम्ही कधी फसलात का?

फसलो की. बेस सेटचं ब्लास्टॉइज, सात हजार रुपये. फोटो इतके स्वच्छ होते की मी त्यातच तळाची ओळ वाचली, सावली बघितली, सगळं बरोबर. आलेलं कार्ड स्क्रूच्या जाड डबीत होतं, आणि हातात आल्याच्या आनंदात मी ती डबी दोन दिवस उघडलीच नाही. उघडून पाठ फिरवली तर जांभळट. फोटोतल्या कार्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा डाग होता, या कार्डाचा कोपरा कोरा. म्हणजे फोटो खऱ्याचा, माल दुसराच. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नव्हता. विकणाऱ्याचं खातं तोवर गायब. छापखान्यातल्या माणसाची ही गत, हे बैठकीत अजून ऐकवतात.

तेव्हापासून मी विकणाऱ्याला कार्डाशेजारी चिठ्ठीवर माझं नाव आणि तारीख लिहून फोटो मागतो, पुढून, मागून आणि उजेडात तिरपा धरून. पार्सल फोडताना बायको व्हिडिओ काढते. आणि किंमत बाजारभावाच्या अर्धी असेल तर विचारतच नाही.

क्रिकेटच्या कार्डांवरची सही खरी का?

भिंग धरा. सहीच्या रेघेत रंगीत ठिपके दिसले तर ती कार्डासोबतच छापलेली आहे. पेनची सही ठिपक्यांच्या वर सलग बसते, वळणावर शाई दाट होते, आणि तिरप्या उजेडात कधी कधी चमकते. पण पेनने सही झाली आहे एवढंच यातून कळतं. ती खेळाडूने केली की विकणाऱ्याच्या भाच्याने, हे भिंग सांगत नाही.

कार्ड वाकलंय. नकली असेल का?

पाऊस चालू आहे का ते आधी बघा. फॉइल ओल पीत नाही, कागद पितो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये खरी चमकीची कार्डं हमखास कमान टाकतात. मे महिन्यात तीच उलटीकडे वळतात. स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पाकिटात, घालून वहीत सपाट दाबून ठेवा. इस्त्री फिरवू नका, एका आजींनी फिरवली होती.

फसलो आहे. आता?

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडकवण्याची शक्यता जास्त. दुकानाने किंवा ऑनलाइन विक्रेत्याने नकली माल ओरिजनल म्हणून दिला असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिल, फोटो, बोलणं झालेले मेसेज जपून ठेवा, आणि कार्ड परत पाठवण्याआधी त्याचे भिंगातून फोटो काढा. खोटी व्यापारचिन्हं लावलेला माल विकणं हा १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याखाली गुन्हा आहे, हे विक्रेत्याला शांतपणे सांगितलं तर बरेचदा पैसे तिथेच परत येतात. आणि कृपा करून ते कार्ड पुढच्याच्या गळ्यात मारू नका.

मुलाची अख्खी वही नकली निघाली. त्याला सांगू का?

सांगा, पण सगळ्यांसमोर नको. आणि "कचरा" म्हणू नका. दहा रुपयांच्या पुडीतलं ते कार्ड त्याने मित्राशी दोन दिवस भांडून मिळवलेलं असतं.

आमच्याकडे पोरांनीच एक रीत काढली आहे. नकली ठरलेल्या कार्डाच्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, पेनने छोटा 'न' काढायचा. 'न' च्या बदल्यात 'न', खऱ्याच्या बदल्यात खरं. खेळायला दोन्ही चालतात. मागच्या महिन्यात सहावीतली एक मुलगी नवीन आली, तिच्या चाळीस कार्डांपैकी एकोणचाळीसवर 'न' चढला. चाळिसावं एक साधं, कोपरे दुमडलेलं पाण्याच्या ऊर्जेचं कार्ड होतं. ते तिने वहीतून काढलं, कंपासपेटीत ठेवलं, आणि पुढच्या रविवारी येताना सोबत एक भिंग घेऊन आली.